सॅल्मनसाठी फ्लाय रॉड आणि रीळ: आधी नदी, मग लाइन, मग बाकीचं

टॅकलच्या, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या, दुकानात शिरलं की नजर आधी रॉडवर जाते. बुचाची मूठ हातात घ्यायची, दोनदा हवेत हलवायचं, "हलका आहे" म्हणायचं आणि किंमत विचारायची. सॅल्मनच्या फ्लाय फिशिंगमध्ये (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) हा क्रम उलटा करावा लागतो. रॉड हे लाइन फेकण्याचं हत्यार आहे. लाइन कोणती, हे फ्लाय किती मोठी आणि किती खोल न्यायची त्यावर ठरतं, आणि फ्लाय कोणती हे नदी, तिचं पाणी आणि महिना मिळून ठरवतात. म्हणून या लेखात रॉड थोडा उशिरा येतो.

हा लेख स्कॉटलंडच्या नद्या आणि अटलांटिक सॅल्मन यांच्यापुरता आहे. ॲबर्डीन, एडिंबरा, ग्लासगो या बाजूला नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या मराठी मंडळींपैकी कित्येकांनी गावाकडे नदीत गळ टाकलेला असतो, कुणी महसीरच्या मागे हिंडलेलं असतं. त्यांना मोठा मासा नवा नाही, पण ही पद्धत नवी आहे आणि इथली दुकानं महाग आहेत. निवड चुकली की खिशाला चांगलीच झळ बसते.

मासा खात नाही, हे आधी डोक्यात बसवा

समुद्रातून अंडी घालायला नदीत आलेला सॅल्मन नदीत असेपर्यंत खात नाही. अंगातल्या चरबीवर महिनोन् महिने काढतो. तरीही समोरून काही सरकत गेलं तर कधी कधी त्यावर झडप घालतो. का घालतो, यावर गिली मंडळींमध्ये रात्र रात्र वाद चालतात. (गिली म्हणजे नदीच्या एखाद्या पट्ट्यावर नेमलेला जाणता माणूस, आणि त्या पट्ट्याला म्हणतात बीट.) आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की आमिष दाखवून वाट बघत बसण्याचा हा खेळ नाही. खालच्या अंगाला साधारण ४५ अंशात लाइन फेकायची, प्रवाह फ्लायला कमानीत फिरवत काठाकडे आणतो, मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायचं. दिवसभर हेच. पूलमधलं, म्हणजे नदीतल्या डोहातलं, सगळं पाणी असं पट्ट्यापट्ट्याने विंचरून काढायचं असतं.

म्हणजे दिवसभरात शेकडो वेळा, बहुतेकदा कमरेएवढ्या थंड पाण्यात उभं राहून, मागे झाडं किंवा उंच काठ असताना, वीस-पंचवीस मीटर लाइन फेकायची. दोन हातांनी धरायचा लांब रॉड याच गरजेतून आला. मागे लाइन न नेता पाण्यावरच तिचा फास उभा करून पुढे टाकायची ती स्पे कास्ट, एकोणिसाव्या शतकात स्पे नदीच्या काठी घडली आणि तिथूनच तिला नाव मिळालं.

नदी आणि महिना

मोठ्या नद्या चार: टे, ट्वीड, स्पे आणि डी. हंगाम प्रत्येकीचा वेगळा. टे १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर, ट्वीड १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर, डी १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर, स्पे ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. टे ही ब्रिटनमधली सगळ्यात जास्त पाणी वाहून नेणारी नदी आहे. तिच्या खालच्या पट्ट्यात फेब्रुवारीत उभं राहिलात तर पंधरा फुटी रॉडही आखूड वाटेल. याउलट उत्तरेकडची हेल्म्सडेल किंवा पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या नद्या उन्हाळ्यात एका हाताच्या दहा फुटी रॉडनेही भागतात.

पाण्याचं तापमान हा दुसरा निकष. एक साधा थर्मामीटर घ्या, खर्च किरकोळ आहे. पाणी ९–१० अंश सेल्सिअसच्या खाली असलं की मासा सुस्त असतो, तळाशी राहतो, वर यायचा कंटाळा करतो. फ्लाय मोठी, जड आणि खोल हवी. त्याच्या वर गेलं की फ्लाय लहान होत जाते आणि पाण्याच्या वरच्या थरात चालते. पाणी १८–२० अंशांवर गेलं तर सरळ सामान आवरा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, पकडून सोडलेला मासा मागाहून मरू शकतो.

म्हणून स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: मी मुख्यतः कुठे आणि कोणत्या महिन्यांत जाणार? "सगळीकडे, वर्षभर" हे उत्तर खरं नसतं. घरापासून दीड तासावर कोणती नदी आहे, तिचं परवडणारं परमिट कोणत्या महिन्यात मिळतं, एवढं लिहून काढलं तरी निम्मी निवड होते.

नियमही इथेच बघून घ्या. स्कॉटलंडमध्ये सॅल्मन धरण्याचा हक्क खासगी मालकीचा असतो. मालकाच्या, बीटच्या किंवा स्थानिक अँगलिंग असोसिएशनच्या परवानगीशिवाय गळ टाकणं हा गुन्हा आहे. इंग्लंडसारखा सरकारी रॉड परवाना इथे लागत नाही (सीमेवरची बॉर्डर एस्क नदी अपवाद). रविवारी सॅल्मन फिशिंग बंद. ३१ मार्चपर्यंत मिळालेला प्रत्येक मासा सोडावाच लागतो आणि पुढे त्या त्या नदीच्या वर्गवारीप्रमाणे.

मोठ्या माशासाठी मोठा रॉड, हा समज इथेच सोडून द्या. ब्रिटनमधला रॉडवर मिळालेला विक्रमी सॅल्मन ६४ पौंडांचा. जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तो ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीत धरला. पण तो फ्लायवर नव्हे, होडीमागे ओढलेल्या आमिषावर. तुमच्या-आमच्या वाट्याला येणारा मासा बहुतेकदा ५ ते १२ पौंडांचा असतो, वीस पौंडांचा आला तर तो वर्षानुवर्षं सांगायचा किस्सा. तेवढ्या माशाला तेरा फुटी रॉड भरपूर झाला. पंधरा फुटी लागतो तो पाणी रुंद, खोल आणि जोरकस असतं म्हणून.

लाइन: खरी निवड ही

गोफणीत दगडाला वजन असतं आणि दोरी नुसती त्याच्याबरोबर फिरते. फ्लायच्या कामात उलटं. फ्लायला जवळपास वजनच नसतं, लाइनच वजनदार असते आणि ती फ्लायला ओढून नेते. त्यामुळे रॉड वाकवायला नेमकं किती वजन लागतं, हा सगळ्या जुळवाजुळवीचा कणा आहे.

इथे नवखे हमखास अडकतात ते नंबरांत. रॉडवर ७, ८, ९, १० असे आकडे असतात. एका हाताच्या रॉडसाठी या आकड्यांमागे जुनं ठरलेलं माप आहे: लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन. ८ नंबर म्हणजे २१० ग्रेन, ९ नंबर म्हणजे २४० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅम. पण दोन हातांच्या ९ नंबर रॉडला लागणारं हेड (लाइनचा पुढचा जाड, वजनदार भाग) साधारण ३४ ते ३८ ग्रॅमचं असतं, दुपटीहूनही जास्त. दोन्हीवर आकडा ९च. ट्राउटसाठी घेतलेली एका हाताची ९ नंबरची लाइन दोन हाती रॉडवर चढवली तर रॉड वाकतच नाही, काठी हलवल्यासारखा हलतो, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

त्यामुळे नंबर फक्त ओळखीपुरता धरा आणि ग्रॅम बघा. चांगल्या कंपन्या रॉडच्या बुंध्यावर किंवा कागदावर योग्य वजनाचा पल्ला छापतात. कधी ग्रॅममध्ये, कधी ग्रेनमध्ये. एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन, एवढा गुणाकार फोनवर करता येतो. दुकानदाराला "नऊ नंबरची लाइन द्या" म्हणू नका. "या रॉडला छत्तीस ग्रॅमचं तरंगतं हेड द्या" म्हणा. त्याचा बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

लाइनच्या जाती ढोबळमानाने तीन. पूर्ण स्पे लाइन ही सलग असते, तिचं जाड पोट पन्नास-साठ फुटांचं किंवा त्याहून लांब. जुन्या वळणाचे लोक हिच्यावर जीव टाकतात, कारण फेकताना हाताने लाइन गोळा करत बसावं लागत नाही. पण तिला लांब रॉड आणि मुरलेला हात लागतो. दुसरी जात स्कँडी हेड: साधारण ३५ ते ४० फुटांचं, पुढे निमुळतं होत गेलेलं, मागे बारीक रनिंग लाइन. हेड रॉडच्या बाहेर काढायचं, फेकायचं, रनिंग लाइन सुसाट मागोमाग जाते. तिसरी स्कॅजिट: आखूड, जाड, वीस-पंचवीस फुटांची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवरून नाव पडलं. जड बुडती टिप आणि ओल्या चिंधीसारखी मोठी ट्यूब फ्लाय (बारीक नळीवर बांधलेली फ्लाय) पाण्यातून उचलून भिरकावणं हे हिचं काम. हिच्या ग्रॅममध्ये पुढच्या टिपचं वजन धरलेलं नसतं, आणि त्याच रॉडवर ती स्कँडीपेक्षा थोडी जड चालते.

सुरुवातीला काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: एक तरंगतं स्कँडी हेड आणि त्याच्या टोकाला अडकवायचे दहा फुटी पॉलीलीडर (थर दिलेले निमुळते जोडतुकडे) तीन. एक इंटरमीडिएट (अगदी हळू बुडणारा), एक मध्यम बुडणारा, एक झपाट्याने बुडणारा. बुडण्याचा वेग सेकंदाला किती इंच असा मोजतात आणि पाकिटावर तो आकडा छापलेला असतो. फासात फास अडकवून पॉलीलीडर मिनिटभरात बदलता येतो. एवढ्यावर एप्रिल ते सप्टेंबर निभतं. पुढे हौस आणि पैसे दोन्ही उरले तर बुडतं हेड आणि स्कॅजिट घ्या. सुरुवातीलाच पाच हेडांचं पाकीट घेतलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातली चार पाकिटातच राहतात आणि ऐन वेळी कोणतं कोणतं ते कळत नाही, कारण चिठ्ठ्या पडून गेलेल्या असतात.

रनिंग लाइन प्लॅस्टिकचा थर दिलेली घ्या. नायलॉनची जास्त लांब जाते हे खरं, पण मार्चच्या गारठ्यात बधिर झालेल्या बोटांना ती धरवत नाही आणि गुंता करते.

आता रॉड

लांबी आणि नंबर एकत्र चालतात. पंधरा फूट, १० नंबर: टे आणि ट्वीडचा खालचा पट्टा, वसंतातलं आणि शरदातलं चढं पाणी, जड ट्यूब. चौदा फूट, ९ नंबर: एकाच रॉडवर संसार करायचा असेल तर हा. तेरा फूट, ८ नंबर: डी, वरची स्पे, मे ते ऑगस्ट. बारा फूट, ७ नंबर: लहान नद्या आणि उन्हाळ्यातलं उतरलेलं पाणी. एका हाताचा दहा फुटी ८ नंबर: काठावर झाडं नसलेली छोटी नदी, आणि ज्याला एका हाताने फेकायची आधीच सवय आहे तो माणूस.

पहिला रॉड म्हणून चौदा की तेरा यावर लोक भांडतात. उन्हाळ्यातच जाणार असाल तर तेरा घ्या आणि सुखी राहा. पण वसंतातही जायचं असेल तर चौदा. याचं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरलात की तुमची उंची तेवढी कमी होते, आणि पाण्यावरून लाइन उचलायला रॉडची लांबीच कामाला येते. अंगकाठीने लहान असलेल्यांना पाण्यात उतरल्यावर उलट थोडा लांब रॉड सोयीचा पडतो. मात्र तो सारखा पेलता आला पाहिजे. पंधरा फुटी रॉड संध्याकाळी चार वाजता किती जड होतो, हे सकाळी दुकानात कळत नाही.

लांब रॉडने मासा जास्त जोरात ओढता येतो, हाही गैरसमज. तरफेचं गणित आहे: रॉड जितका लांब, तितका मासाच तुमच्या हातावर भारी पडतो. लांब रॉड फेकायला आणि पाण्यातली लाइन हवी तशी वळवायला उत्तम. मासा दमवायचा असेल तेव्हा रॉड आभाळाकडे न धरता आडवा, काठाच्या बाजूला झुकवा. तेव्हा बुंध्यातली ताकद लागते आणि मासा लवकर हाती येतो.

ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फक्त टोकाकडून वाकणारा ताठ रॉड मुरलेल्या हातात लाइन बाणासारखी सोडतो, पण वेळ जरा चुकली की सगळं कोसळतं. मधून वाकणारा मध्यम ॲक्शनचा रॉड लाइनचं वजन हाताला जाणवून देतो आणि चुकीला थोडी सवलत देतो. शिकणाऱ्याने मध्यमच घ्यावा, मग जाहिरातीत "फास्ट" शब्द कितीही मोठ्या अक्षरात असो.

हे सगळं दुकानात रिकामा रॉड हलवून कळणार नाही. लाइन चढवूनच कळतं, आणि तेही पाण्यावर. स्पे कास्टमध्ये लाइनचं टोक पाण्याला चिकटून क्षणभर धरून ठेवतं, तेवढ्या आधारावर रॉड वाकतो. गवतावर ते टोक घसरतं, म्हणून हिरवळीवर वाईट वाटलेला रॉड नदीत चांगला निघतो. कित्येक दुकानं आणि कास्टिंग शिकवणारे लोक रॉड नदीवर वापरून बघू देतात. विचारायला लाजू नका.

हातात आल्यावर जोड नीट बघा. दोन हाती रॉड बहुतेक तीन किंवा चार तुकड्यांचे, प्रवासाचे सहा तुकड्यांचे. विमानाने ये-जा असेल तर सहा तुकडे सोयीचे, नाहीतर चार बरे. स्पे कास्टमध्ये रॉडला पीळ बसतो आणि दिवसभरात जोड हळूहळू सैल होतात. सैल जोडावर एक जोरदार कास्ट पडली की तुकडा तडकतो. म्हणून प्रत्येक जोडावर वीजवाले वापरतात ती काळी टेप दोन वेढे गुंडाळायची. तुकडे बसवताना थोडे तिरपे घालून फिरवत सरळ आणा, रिंगा एका रेषेत आल्या की थांबा.

सेकंडहँड रॉड घेत असाल तर इथेच दहा मिनिटं घालवा. एका तुकड्यातून बाहेर आलेली खुंटी दुसऱ्यात जाते अशा जोडात, रॉड घट्ट बसवल्यावरही दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहायला हवी. फट नाहीशी झाली असेल तर खुंटी झिजलेली आहे, रॉड परत करा. मग प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे चीर आहे, आणि ती चीर लाइन कापत राहील. बुंध्यापासून टोकापर्यंत उजेडात फिरवून पाहा, वार्निशखाली पांढरट ठिपका दिसला तर बहुधा कधीतरी जड ट्यूब रॉडवर आपटलेली आहे. तिथून तो एके दिवशी मोडतो.

आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. काठाकाठाने वीजवाहिन्या जातात तिथे जोडलेला रॉड खांद्यावर उभा धरून चालायचं नाही, आणि गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवायचा.

रीळ: शेवटी घ्या, पण आंधळेपणाने नको

ट्राउटवाले म्हणतात, रीळ म्हणजे लाइन ठेवायची डबी. सॅल्मनला हे पुरत नाही, पण त्यात थोडं तथ्य आहे. पैसे कमी पडत असतील तर कात्री रिळाला लावा, लाइनला नको.

बघायच्या गोष्टी तीन: मावतं किती, वजन किती, ड्रॅग कसा.

मावण्याचं म्हणाल तर दोन हाती लाइन एका हाताच्या लाइनपेक्षा फार जाड असते. रिळावर ९/१० लिहिलं असलं तरी ते कोणत्या ९ बद्दल बोलतंय ते बघा. स्पे किंवा दोन हाती लाइनसाठी किती बॅकिंग (लाइनच्या मागची राखीव बारीक दोरी) मावतं, हा आकडा वेगळा छापलेला असतो. लाइनच्या मागे ३० पौंडी विणलेलं बॅकिंग १५० ते २०० यार्ड बसलं पाहिजे. रंग भडक घ्या, म्हणजे मासा कुठवर गेला ते दिसतं. जेल स्पन, म्हणजे अतिमजबूत बारीक धाग्याचं, बॅकिंग बारीक असतं आणि जास्त मावतं, पण ताणात स्वतःच्याच वेढ्यांत रुतून बसतं आणि बोट कापतं. साधं विणलेलं डॅक्रॉन बरं.

मधला गाभा मोठा असलेलं, म्हणजे लार्ज आर्बर रीळ घ्या. एका फेऱ्यात जास्त लाइन गुंडाळली जाते आणि लाइनला घट्ट वेटोळ्यांची सवय लागत नाही.

वजनाच्या बाबतीत "हलकं ते चांगलं" हा नियम मोडतो. चौदा फुटी रॉडवर अगदी हलकं रीळ लावलं तर टोक खाली ओढतं आणि ते वर धरून ठेवायला वरचा हात दिवसभर राबतो. म्हणून रीळ घ्यायला जाताना रॉड बरोबर न्या. लाइनसकट रीळ बसवा, वरच्या हाताने जिथे धराल तिथे रॉड एका बोटावर ठेवा. साधारण तिथेच तोल सांभाळला गेला तर जमलं. टोक झुकत असेल तर जड रीळ मागा. लांब रॉडला पाव किलोच्या वरचं रीळ लागणं नवल नाही.

ड्रॅग म्हणजे लाइन सुटताना लागणारा अडथळा. जुन्या रिळांत नुसती किरकिरणारी कळ असते. तिचा आवाज ऐकायला आजही लोक पैसे मोजतात, आणि जाणता हात रिळाच्या कडेला तळवा लावून मासा आवरतो. नवख्याला बंदिस्त डिस्क ड्रॅग सोपा. तपासायचं असं: ड्रॅग मध्यावर ठेवा आणि लाइन हाताने हळूहळू ओढा. सुरुवातीला अडून मग झटका देऊन सुटली तर ते रीळ नको. त्या झटक्यालाच लीडर (फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा) तुटतो. सुटणं पहिल्या इंचापासून सारखं हवं. नदीवर ड्रॅग फार आवळू नका. लाइन ओढल्यावर रीळ स्वतःहून फिरत राहणार नाही इतपत पुरे, बाकीचं तळव्याने.

डाव्या हाताने गुंडाळणार की उजव्या हाताने, हे आधी ठरवा. बहुतेक रिळं दोन्हीकडे बदलता येतात, पण बाजू बदलताना आतला एकदिशेचा बेअरिंगही उलटा करावा लागतो. दुकानातच करून घ्या. नाहीतर मासा पळताना रीळ मोकळं फिरेल आणि गुंडाळताना अडेल.

रीळ भरणं

बॅकिंग किती घालायचं ते अंदाजाने ठरवलं तर लाइन एकतर रिळाच्या कडेला घासते, नाहीतर अर्धं रीळ रिकामं राहतं. जुनी युक्ती उपयोगी पडते. आधी हेड रिळावर गुंडाळा, त्याला रनिंग लाइन जोडा, ती गुंडाळा, मग तिच्यावर बॅकिंग गुंडाळत जा आणि कडेपासून पाच-सहा मिलिमीटर उरले की थांबा, तिथे कापा. आता सगळं उलगडून (लांब व्हरांडा किंवा मोकळं पटांगण लागतं, घरातली मंडळी वैतागतात) उलट क्रमाने भरा: बॅकिंग, रनिंग लाइन, हेड. बॅकिंग ओल्या फडक्यातून ताणून घट्ट गुंडाळा. सैल बॅकिंगमध्ये लाइन रुतते.

हेडच्या टोकाला पॉलीलीडर, त्याला लीडर, त्याला फ्लाय. तरंगत्या पॉलीलीडरला रॉडच्या जवळपास लांबीचा लीडर चालतो. बुडत्याला चार ते सहा फूटच ठेवा, नाहीतर टिप खाली आणि फ्लाय वर असा प्रकार होतो. ताकद १२ ते २० पौंड: लहान फ्लायला बारीक, मोठ्या ट्यूबला जाड. शंका आली तर जाड. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेने ग्रेट ब्रिटनमधल्या सॅल्मनची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. जवळपास प्रत्येक मासा सोडायचाच असतो, तेव्हा बारीक लीडरवर तासभर खेळवून त्याचा जीव काढण्यात काही मर्दुमकी नाही. गळाचा उलटा काटा चपटा करा, जाळं बिनगाठीचं घ्या, मासा पाण्यातच ठेवून तोंड प्रवाहाकडे करा.

फ्लायच्या बाबतीत थोडक्यात: कॅस्केड, सिल्व्हर स्टोट आणि विली गन, प्रत्येकी दोन-तीन आकारांत. बाकीच्या त्या दिवशी गिली सांगेल त्या, आणि त्या बहुधा त्याच्याच डबीतून निघतील. सगळ्यात जड कोणती फ्लाय वापरणार ते मात्र आधी ठरवा. दोन इंची पितळी ट्यूब बारा फुटी ७ नंबर रॉडने उचलायला गेलात तर ती उडत येऊन तुमच्याच डोक्यात बसेल. टोपी आणि चष्मा प्रत्येक वेळी.

पैसे कुठे घालायचे

दोन हातांचा चालण्याजोगा रॉड दीडशे-दोनशे पौंडांपासून मिळतो, नामांकित कंपनीचा हजार पौंडांच्या वर जातो. मधल्या किमतीतले आजचे रॉड इतके चांगले आहेत की पहिली दोन-तीन वर्षं तुम्हाला फरक कळणारही नाही. त्यापेक्षा ते पैसे शिकवणीला द्या. अर्ध्या दिवसात शिक्षक सिंगल स्पे आणि डबल स्पे दाखवतो. वारा वरून खाली वाहत असेल तर डबल स्पे, खालून वर येत असेल तर सिंगल स्पे. हे उलटं केलं की वारा गळ तुमच्या कानाकडे आणतो. पुष्कळ शिक्षक स्वतःचे रॉड देतात. एकाच सकाळी तेरा आणि चौदा फुटी दोन्ही हातात घेता येतात, आणि "कोणता घेऊ" हा प्रश्न तिथेच सुटतो. म्हणून शिकवणी आधी, खरेदी नंतर.

काही बीटवर सामान भाड्याने मिळतं, परमिट काढताना विचारा. लाइफजॅकेट आणि पाण्यात टेकायची काठी महागड्या रिळाच्या आधी घ्या. स्पे नदीचा प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा फार जोरात ढकलतो आणि तळाचे गोटे बुळबुळीत असतात.

घरी आल्यावर रॉड कोरडा पुसा आणि तुकडे मोकळे करून, पिशवीबाहेर, रात्रभर ठेवा. ओल्या पिशवीत घातलेल्या रॉडच्या वार्निशला फोड येतात. जोड अडकला असेल तर एकट्याने पिळू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक हात ठेवून सरळ ओढायचं. रिळाचा ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या दबून पुढच्या हंगामात झटके देतात. आणि हेड पिशवीत घालताना त्यावर ग्रॅम, लांबी आणि बुडण्याचा वेग न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहा.